बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट गटाराचं की बागेतल्या खताचं, हे आयसोटोपवरून कळतं का? (मुंबईतली सोसायटी)

बऱ्याच अंशी कळतं. नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे असतात, १४ आणि किंचित जड १५; हेच त्याचे आयसोटोप. युरियातला नायट्रोजन हवेतून घेतलेला, म्हणून हवेशी तुलना केली तर जड-हलक्याच्या प्रमाणातला फरक साधारण उणे ४ ते अधिक ४ प्रति हजार. मैलापाण्यातला हलका नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, जड मागे उरतो; आकडा चढतो, अनेकदा १० च्या वर.

गोम अशी की शेणखताचा आकडाही तिथेच येतो. माळी शेणखत टाकत असेल तर बोरॉनचे आयसोटोपही तपासा. कपड्यांच्या पावडरीतला बोरॉन सांडपाण्याची चुगली करतो. शिवाय जमिनीतले जिवाणू नायट्रेट खाऊन आकडा आपोआप वर नेतात, म्हणून नायट्रेटमधला ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड आयसोटोप) सोबत मोजतात.

नमुना थेट बोअरच्या पंपावरून घ्या, तोही थोडा वेळ पाणी सोडून. खालच्या टाकीत पालिकेचं नि टँकरचं पाणी मिसळलेलं असतं, तिथला आकडा कुचकामी.

खरं सांगू? आधी साधी ई-कोलाय (मैल्यातल्या जिवाणूंची) चाचणी करा, स्वस्त पडते. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर तोवर ते पाणी पिऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही.