तळ शाबूत, तरी बूट बाद?

प्रश्न : मी आठवड्याला साधारण ३० किलोमीटर धावते. बूट सात महिन्यांचे आहेत, तळ झिजलेला दिसत नाही; पण हल्ली नडगी दुखते. बूट बदलू का?

उत्तर : बदला. तुमचे ९०० किलोमीटर होत आले. सरावाचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतात. तळाचं रबर फसवं असतं. धक्का शोषतो तो त्याच्या वरचा फोम, आणि तो बहुधा रबराच्या आधी दबतो. कडेने पाहा, फोमवर आडव्या सुरकुत्या दिसतील. मग बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका अंगाला कलली असेल तर शंकाच नको.

नवे बूट आणले की पहिले दोन आठवडे छोट्या अंतरांनाच वापरा. जुने चालायला, बाजारात जायला चालतील.

मात्र नडगीच्या हाडावर एकाच जागी बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, तर दोष बुटांवर ढकलू नका. हाडाला बारीक तडा असू शकतो. धावणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.