ताईत आणता येईल, परत नेता येणार नाही

प्रश्न: माझा मुलगा लंडनला असतो. तिथल्या लिलावात त्याने फुलाफुलांच्या रेशमी कापडाची, ताईत ठेवायची जुनी पिशवी घेतली. सोबतच्या चिठ्ठीवर ‘श्रीरंगपट्टण, १७९९, टिपूच्या दंडावरून’ असं लिहिलंय. दिवाळीला घेऊन येतो म्हणतो. विमानतळावर जप्त होईल? लुटीची वस्तू घरात ठेवणं गुन्हा आहे का?

उत्तर: ताई, गुन्हा नाही. ४ मे १७९९ ला टिपू पडल्यावर एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्या उजव्या दंडावरचा ताईत काढून घेतला, हे त्या काळच्या वृत्तांतात आहे. फुलांच्या रेशमात शिवलेला चंदेरी, ठिसूळ धातू आणि अरबी-फारसी लिखाण, असं त्याचं वर्णन सापडतं. आता हे वर्णन छापील आहे म्हटल्यावर त्याबरहुकूम चिठ्ठी कुणालाही लिहिता येते! लिलाववाल्यांकडून आधीच्या मालकांची कागदपत्रं मागवा.

मालकीचं म्हणाल, तर सांस्कृतिक वस्तूंबाबतचा युनेस्कोचा १९७० चा करार मागच्या काळाला लागू होत नाही. ब्रिटन त्यात आलंच २००२ साली. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या लुटीवर तिथल्या कोर्टात दावा टिकणं अवघड. नैतिक हक्काची गोष्ट वेगळी, ती माझ्या वकिलीत बसत नाही.

खरी मेख आपल्याकडे आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू ‘पुरावशेष’ ठरते, मग ती काल का विमानाने आलेली असेना. कलम ३ नुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नेली तर किमान ६ महिने, कमाल ३ वर्षं कैद आणि दंड. म्हणजे दिवाळीला हौसेने आणलेली पिशवी जानेवारीत सहज परत नेता येणार नाही. ती कायमची कुठे राहणार, हे मायलेकांनी आधी ठरवा.

आणायचीच ठरली, तर पावती घेऊन रेड चॅनलनेच, म्हणजे कस्टम्सला वस्तू दाखवायच्या वाटेनेच, बाहेर या. कपड्यांच्या घडीत लपवलेली सापडली, तर जप्ती ओढवून घ्याल. तिकडून निघतानाही पन्नास वर्षांवरच्या वस्तूंना किमतीनुसार निर्यात परवाना लागू शकतो. हस्तलिखितांचे नियम आणखी कडक आहेत.

म्हणूनच, आत कागद असल्याचं हाताला जाणवत असेल तर मुलाला आजच फोन करा. शिवण उसवायची नाही. आधी तिथल्या जाणकाराला दाखवू दे, मग परवान्याचं बघू.