कोकणासाठी भूकंपाची मोजपट्टी वेगळी का लागते?

प्रश्न: कोयनेकडे हादरा बसला की आमच्या चिपळुणात मांडणीवरची भांडी वाजतात. मग मोबाईलवर एकीकडे 3.4 दिसतं, दुसरीकडे 3.1. रिश्टर स्केल एकच ना? आणि ते आपल्या भागासाठी कॅलिब्रेट करायचं म्हणजे काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, 0.3 चा फरक छोटा वाटतो पण भूकंपमापकाच्या कागदावर धक्क्याची जी रेघ उमटते ती दुप्पट होते, त्यामुळे विचारलंत ते बरंच केलंत. अमेरिकेतले भूकंपशास्त्रज्ञ रिश्टर यांनी 1935 साली असं ठरवलं की धक्क्याच्या जागेपासून 100 किमीवरच्या वुड-अँडरसन यंत्राच्या (तेव्हाचा एक भूकंपमापक) कागदावर रेघ 1 मिलिमीटर सरकली तर भूकंप 3 चा, 10 मिलिमीटर सरकली तर 4 चा. आता यंत्र काही दरवेळी बरोब्बर 100 किमीवर नसणार, कधी 30 कधी 250, म्हणून अंतराप्रमाणे आकड्यात किती मिळवायचं याचा तक्ता केला, आणि खरी मेख इथेच आहे, तो तक्ता दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जमिनीचा. तिथेसुद्धा जवळच्या अंतरांना तो चुकत होता, 1987 मध्ये हटन आणि बूर या संशोधकांनी दुरुस्त केला.

आपल्याखाली दख्खनचा काळा कातळ आणि त्याच्या खाली त्याहून जुना खडक. अशा जुन्या, टणक जमिनीत लाटा लांबपर्यंत विरत नाहीत, मग तिकडचा तक्ता इथे लावला की लांबचं स्टेशन, म्हणजे भूकंपमापक बसवलेली जागा, उगाच मोठा आकडा सांगतं.

कॅलिब्रेट करायचं म्हणजे याच भागातले शेकडो धक्के घ्यायचे, डिजिटल नोंदीवरून वुड-अँडरसनने काय रेघ काढली असती ते कॉम्प्युटरवर काढायचं, आणि एका धक्क्याला सगळ्या स्टेशनांवरून जवळपास एकच आकडा येईल असा नवा तक्ता बसवायचा. शिवाय प्रत्येक स्टेशनची वेगळी दुरुस्ती, कारण कातळावरचं यंत्र कमी हलतं, नदीच्या गाळावरचं जास्त. तुमचं घर वाशिष्ठीच्या गाळावर असेल तर भांडीही त्यामुळेच जास्त वाजत असतील, तो भूकंपाचा आकडा नव्हे, ती त्या जागेची तीव्रता, म्हणजे तिथे हादरा किती जाणवला ते.

मला हे काम फार गरजेचं वाटतं. छोटे धक्के किती आणि मोठे किती या हिशोबावरून पुढचा धोका काढतात, पालघरकडे नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत किती धक्के बसले बघा, त्यातला प्रत्येक आकडा 0.3 ने सरकला तर तो हिशोबच चुकतो, आणि घरं किती मजबूत बांधायची ते त्याच हिशोबावर ठरतं. 1967 च्या कोयनेसारख्या 6.3 च्या मोठ्या धक्क्यांना मात्र ही पट्टी तोकडी पडायला लागते, तिथे मोमेंट मॅग्निट्यूडच (खडक किती लांबरुंद तुटला आणि किती सरकला यावरून काढलेला आकडा) बघावं.