भाषेचा कट्टा : इंग्रजी शब्द पाठ होतात, पण वेळेवर आठवत नाहीत

प्रश्न : मी बाणेरला घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. शिक्षण दहावी, मराठी माध्यम. आमच्या भागात बाहेरगावाहून आलेल्या बायका खूप आहेत. समोर असल्या की हिंदीत निभावतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज इंग्रजीत येतात आणि दर वेळी मुलाला विचारावं लागतं. त्याने अप्पा बळवंत चौकातून पाच हजार शब्दांचं पुस्तक आणून दिलं. रोज दहा शब्द पाठ करते. ‘ए’ संपून ‘बी’ सुरू झालं, तर ‘ए’मधले शब्द पुसले गेलेत. वय सत्तेचाळीस. आता जमेल का?
– एक वाचक भगिनी, बाणेर

उत्तर : ताई, जमेल. वयाचा प्रश्नच नाही, पुस्तक चुकीचं आहे. रोज दहा शब्दांनी पाच हजार व्हायला सव्वा वर्षाच्या वर लागेल. त्यात ‘अबँडन’, ‘अबॉलिश’ पहिल्याच आठवड्यात पाठ होणार आणि ‘विथ’ सगळ्यात शेवटी. तुमचं एक तरी गिऱ्हाईक ‘अबॉलिश’ म्हणालं आहे का? डिक्शनरी अडलेला शब्द शोधायला असते. ती पहिल्या पानापासून पाठ करायला लावणं हा शिकणाऱ्यावर अन्याय आहे, आणि हे मी वर्गात पोटतिडकीने सांगत आले आहे.

आधी कोणते शब्द शिकावेत, यावर फार पूर्वी विचार झालेला आहे. सी. के. ऑग्डेन या इंग्रज अभ्यासकाने १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. त्यात शब्द फक्त ८५०, आणि क्रियापदं अवघी १८ : कम, गो, गेट, गिव्ह, टेक, पुट, कीप, लेट, मेक, सेंड अशी. मायकेल वेस्ट हे तर आपल्याच उपखंडात, ढाक्याला, शिक्षण खात्यात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की नेहमीचे शब्द आधी दिले तर मूल लवकर वाचू लागतं. त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ मध्ये छापली गेली. रोजच्या साध्या इंग्रजी मजकुरातला जवळजवळ ८० टक्के भाग एवढ्याच शब्दांत बसतो.

आता तुमच्या कामाकडे या. तुम्हाला असा मेसेज येत असेल : ‘प्लीज टेक इट इन फ्रॉम द साइड्स अँड लेट आउट द स्लीव्ह्ज. नीड इट बाय फ्रायडे.’ यात अवघड शब्द एकही नाही. ‘टेक इन’ म्हणजे बाजूने आत घ्या, ‘लेट आउट’ म्हणजे माया सोडून सैल करा, ‘टेक अप’ म्हणजे उंची कमी करा. टेक आणि लेट दोन्ही ऑग्डेनच्या त्या अठरांत आहेत. शिवणकामाचं बरंचसं इंग्रजी याच छोट्या क्रियापदांपुढे इन, आउट, अप, डाउन, ऑफ जोडून होतं. म्हणून नुसता ‘टेक म्हणजे घेणे’ असा सुटा अर्थ पाठ करू नका. ‘टेक इट इन’ अख्खं तोंडात बसू द्या. आणि त्या ‘बाय फ्रायडे’कडे नीट बघा. शुक्रवारपर्यंत हवं, म्हणजे गुरुवारी दिलं तरी चालेल. ‘ऑन फ्रायडे’ असेल तर शुक्रवारीच. गिऱ्हाईक टिकतं ते अशा दोन अक्षरी शब्दांवर.

जमेची बाजूही मोजा. टाइट, लूज, फिटिंग, स्लीव्ह, कॉलर, हुक, ट्रायल, अर्जंट, डिलिव्हरी हे शब्द तुमच्याकडे आधीपासून आहेत. फक्त त्यांचं इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांखालून घाला, मेसेज वाचताना पटकन ओळखू येतील. (फॉल-पिको मात्र आपल्याकडचं. परदेशातून आलेल्या बाईला ते साडी दाखवूनच समजवावं लागेल.)

पाठांतराची रीतही बदला. शंभर पानी वही घ्या. आलेल्या मेसेजमधलं एक वाक्य घ्यायचं, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. उजवी बाजू हाताने झाकायची आणि मराठी वाचून इंग्रजी मोठ्याने म्हणायचं. अडलात तर लगेच हात काढू नका, थोडं आठवू द्या. शब्द पक्का होतो तो या आठवण्यातच, पुन्हा पुन्हा वाचून नाही. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दिवसाला तीन वाक्यं भरपूर झाली. एक पथ्य : लेफ्ट-राइटसारख्या नव्या जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकू नका, ते डोक्यात एकमेकांत गुंततात. एक बसला की मग दुसरा.

महिनाभराने मेसेजला उत्तरही इंग्रजीत द्या. ‘कम फॉर ट्रायल ऑन वेन्सडे’ एवढं पुरे. पाठवण्यापूर्वी मुलाला दाखवू नका, पाठवल्यावर दाखवा.

प्रश्न : मुलगा मराठी शाळेत तिसरीत आहे. फळं, प्राणी, रंग सगळं इंग्रजीत येतं, पण पुस्तकातली ओळ वाचता येत नाही. असं का?
– एक पालक, धनकवडी

उत्तर : कारण ओळीत फळं कमी आणि ‘वॉज’, ‘सेड’, ‘दे’, ‘ऑफ’, ‘वन’ जास्त असतात. यांचं चित्र काढता येत नाही आणि अक्षरं जुळवून उच्चारही निघत नाही. ते बघताक्षणी ओळखू यावे लागतात. अमेरिकेत एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये अशा २२० शब्दांची यादी केली, त्यात एकही नाम नाही. तक्ता आणू नका. बालभारतीचं त्याचंच इंग्रजीचं पुस्तक उघडा, एका धड्यातले असे पाच शब्द पेन्सिलने गोल करा आणि तोच धडा रोज रात्री आधी तुम्ही, मग त्याने, बोट फिरवत मोठ्याने वाचा. पुढच्या धड्यात तेच शब्द त्याचे त्याला शोधू द्या.