समुद्रकाठून हिमालयात: तुमचे प्रश्न

शिमगा आटोपला की चिपळूणला माझ्याकडे हिमालयाची चौकशी सुरू होते. मे-जूनची सुट्टी, रेल्वेची तिकिटं, मुलांच्या परीक्षा, सगळ्याचा मेळ घालून लोक विचारतात. या वेळच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण दिसली. आपण राहतो समुद्रसपाटीला आणि जायचं असतं तीन-चार हजार मीटरवर. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. ज्यांना विमानाने लेहला जायचंय त्यांनी ते वाचल्याशिवाय तिकीट काढू नये.

हर्णैहून एक मच्छीमार, वय ५२: ताई, तीस वर्षं दर्यावर जातोय. रात्रभर जाळी ओढली तरी धाप लागत नाही. मुलगा म्हणतो विमानाने लेहला जाऊ, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला खिंड, तिसऱ्या दिवशी पँगाँग सरोवराला मुक्काम. सुट्टी पाच दिवसांची. जमेल ना?

काका, तुमच्या ताकदीबद्दल मला शंका नाही. पण उंचीचा त्रास माणसाची ताकद बघून येत नाही, म्हणून हा बेत असाच ठेवू नका.

हवेत ऑक्सिजन हर्णैला २१ टक्के असतो आणि लेहलाही २१ टक्केच. फरक पडतो तो हवेच्या दाबात. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे दाब आपल्या बंदरावरच्या दाबाच्या दोन-तृतीयांशावर येतो, आणि ५,५०० मीटरच्या आसपास निम्म्यावर. म्हणजे श्वास तेवढाच घेतला तरी त्यातून पोचणारा ऑक्सिजन कमी. दाब कमी झाल्याचं डोळ्यांनी बघायचं असेल तर तिथल्या स्वयंपाकघरात जा. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पातेल्यात भात लावला तर तासभर रटरटूनही मधला कण कच्चा राहतो. कुकरशिवाय चालत नाही.

शरीर या हवेशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. श्वास आपोआप वाढतो, मूत्रपिंडं रक्तातल्या आम्ल-क्षाराचा तोल नव्याने सांभाळतात, झोप दोन-तीन रात्री तुटक लागते. हे काम व्यायामाने आधी उरकून ठेवता येत नाही. उलट धडधाकट माणसालाच जास्त जपावं लागतं, कारण तो थांबत नाही. आमच्या एका गटात कबड्डी खेळणारा एक मुलगा होता. लेहला उतरल्या दिवशी संध्याकाळीच तो शांतिस्तूपाच्या पायऱ्या पळत चढला. रात्री दोन वाजता बादलीवर वाकून बसला होता, डोकं दोन्ही हातांत गच्च धरून. त्याच गटातल्या साठीच्या मावशी दिवसभर पडून होत्या, दोन वाट्या सूप प्यायल्या आणि सकाळी चहाला सगळ्यांच्या आधी हजर.

तर बेत असा करा. पहिले दोन दिवस लेहमध्येच. पहिल्या दिवशी फक्त झोप, पाणी, हलकं जेवण. दारू नाही, झोपेची गोळी नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात सावकाश फेरफटका. तिसऱ्या दिवशी निम्मूजवळ सिंधू-झंस्कारचा संगम बघा, तो लेहपेक्षा खाली आहे. चौथ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरा. खिंडीतल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, प्रत्यक्ष मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरते. तीही कमी नव्हे. तिथे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. तिथली दिस्कित-हुंदर ही गावं लेहपेक्षा कमी उंचीवर आहेत, त्यामुळे तिथली झोप चांगली लागते. पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर आहे, तिथला मुक्काम यानंतरच. याला आठ दिवस लागतात. पाचच मिळत असतील तर पँगाँगचा मुक्काम सोडा.

डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, अन्नावर वासना नाही, गरगरणं किंवा गळून गेल्यासारखं, यातलं काहीही असेल तर तो उंचीचाच त्रास समजा. ‘पित्त झालंय’ म्हणून पुढे जाऊ नका. जिथे आहात तिथेच थांबा, बरं वाटेपर्यंत वर नाही. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर मेंदूला किंवा फुप्फुसात सूज आलेली असू शकते. मग सकाळची वाट बघायची नाही. मिळेल तिथून ऑक्सिजन लावायचा आणि रात्री का असेना, खाली न्यायचं. यात काही तासांतही माणूस जातो.

थेट विमानाने जाणाऱ्यांना डॉक्टर बऱ्याचदा डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड देतात. नेहमीचा डोस सकाळ-संध्याकाळ १२५ मिलिग्रॅम, जायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. पण सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

देवगडहून एक वाचक: रुमालात कापूर बांधून हुंगला की ऑक्सिजन वाढतो म्हणतात. ऑक्सिजनचे छोटे डबेही घ्यावेत का?

कापराने नाकाला गार वाटतं आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. कापूर पोटात गेला तर विषारी असतो, लहान मुलांच्या हाती पुडी देऊ नका. हातातले डबे काही मिनिटांत संपतात. मला या दोन्हींची भीती वाटते ती एवढ्यासाठी की तात्पुरतं बरं वाटलं की माणूस आणखी वर जातो.

गुहागरहून एक गृहिणी, वय ५८: ट्रेकिंगची हौस नाही, पण केदारनाथला जायचंय. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मधुमेहासाठी इन्सुलिन घेते. मुलं म्हणतात हेलिकॉप्टरने जाऊ.

काकू, केदारनाथ हा ट्रेकच आहे, आणि सोपा नव्हे. गौरीकुंड १,९८० मीटरच्या आसपास, मंदिर ३,५८३ मीटरवर. एका दिवसात सोळाशे मीटर चढायचं आणि रात्री तिथेच झोपायचं, असं वेळापत्रक मी तरण्या मुलांच्या गटालाही आखून देणार नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा आमचा नेम. यात्रेत तो अगदी काटेकोर पाळता येत नाही, पण चढ दोन दिवसांत विभागता येतो. आदली रात्र सोनप्रयाग किंवा गौरीकुंडला काढा, मधे लिंचोलीला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली या.

हेलिकॉप्टरने पाय वाचतात, उंची चुकत नाही. उलट ती काही मिनिटांत गाठली जाते. त्याने गेलात तर दर्शन घेऊन काही तासांत परत फिरा, वर मुक्काम नको.

जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन हृदयाची तपासणी करा. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढतो, म्हणून गोळी चुकवू नका आणि घरचं मशीन सोबत न्या. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. पिशवीत न ठेवता अंगातल्या कपड्यांच्या आत, शरीराच्या उबेला ठेवा. साखर मोजायचं यंत्रही थंडीत चुकीचा आकडा दाखवतं किंवा बंदच पडतं, ते आधी काखेत गरम करून मग वापरा. चालण्याने साखर एकदम उतरू शकते, खिशात ग्लुकोजची पावडर किंवा साखरेच्या पुड्या हव्यात. आणि रोज संध्याकाळी मोजे काढून दोन्ही पाय उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. मधुमेहात पायाला फोड आलेला कळत नाही. मुलाला बघायला सांगा, लाजू नका.

रत्नागिरीहून एक जोडपं: जूनमध्ये मनालीजवळच्या हम्प्ता पासला जातोय. रोज भाट्ये किनाऱ्यावर पाच किलोमीटर चालतो. पुरेल का?

सुरुवात चांगली आहे, पण किनारा सपाट आहे. तुम्हाला चढ हवा, आणि त्याहून जास्त उतार हवा. ट्रेकवर गुडघे दुखतात ते उतरताना. आठवड्यातून दोनदा जिने किंवा घाटी, पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, वर पोचल्यावर पाणी ओतून देऊ नका, उतरतानाही वजन पाठीवर राहू दे. देवरुखजवळ मार्लेश्वरच्या पाचेकशे पायऱ्या तुमच्यासाठी उत्तम. एप्रिलमध्ये एकदा खेड तालुक्यातले रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड दोन दिवसांत जोडून करा. उन्हाळ्यात वाटेत पाणी कमी असतं, गावातला वाटाड्या घ्या आणि पहाटेच निघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय किती बोलतात त्यावरून तयारी कळेल.

हे सगळं दमू नये म्हणून. उंचीसाठी नव्हे, ते वर काकांना सांगितलंच. मनालीला (२,०५० मीटर) पोचल्यावर एक पूर्ण दिवस थांबून मग चढायला लागा.

मालवणहून एक तरुण: आमच्या पर्यटनाच्या बोटी पावसात बंद असतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टच मोकळे. तेव्हा हिमालयात जाता येतं का?

येतं, पण कुठे ते नीट निवडा. आपल्याकडे सह्याद्रीच्या अलीकडे धो धो कोसळतो आणि घाट ओलांडून माण-खटावात गेलं की आभाळ कोरडं. हिमालयातही तसंच. पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा पाऊस अडवतात, पलीकडचे स्पिती आणि लडाख पर्जन्यछायेत येतात. तिथे जुलै-ऑगस्ट हा फिरायचाच हंगाम.

अडचण पोचायच्या रस्त्याची. स्पितीला किन्नौरमार्गे गेलात तर कल्पा, नाको, ताबो, काझा असे टप्पे घेत वर जाता येतं, जे शरीराला चांगलं. पण त्या रस्त्यावर पावसात दरडी येतात. मनालीकडून जवळ पडतं. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही, पण साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड एकाच दिवसात येते. मी किन्नौरची बाजू घेईन आणि दोन दिवस जादा ठेवीन. परतीचं तिकीटही त्या हिशेबाने काढा. तेव्हा कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते, गाड्या सावकाश चालतात.

उत्तराखंडात फुलांची घाटी जुलै-ऑगस्टमध्येच भरात येते, पण ऋषिकेशपासून गोविंदघाटापर्यंतचा रस्ता दरडींचा. जायचं तर रात्रीचा प्रवास अजिबात नको आणि ओढ्याकाठच्या हॉटेलात मुक्काम नको. ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत खीरगंगेचा लोंढा भर दुपारी आला आणि बाजारपेठ घेऊन गेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आम्ही चिपळूणकरांनी पाहिलंय. ते चढायला तरी काही तास लागले होते. तिथे दगडमाती घेऊन येणारं पाणी पळायला वेळ देत नाही.

अलिबागहून एक वडील: मुलगी पहिल्यांदा ट्रेकला चाललीय. एक संस्था इतरांपेक्षा बरीच स्वस्त आहे. काय विचारून घ्यावं?

किंमत नंतर बघा. आधी रोजच्या मुक्कामाची उंची लेखी मागा आणि एका रात्रीत किती चढवतात ते स्वतः मोजा. हवामान बिघडलं तर थांबायला राखीव दिवस आहे का? ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर वरच्या तळावर असतो की पायथ्याच्या गाडीत? किती जणांमागे एक वाटाड्या, आणि त्याने उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत शिक्षण घेतलंय का? आजारी माणसाला खाली कोण आणि कसं नेणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत फिरायचा निर्णय कोण घेतो आणि किती वाजता? २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातले नऊ ट्रेकर हिमवादळात दगावले. म्हणजे जून महिना आहे, चांगल्या ऋतूत चाललोय, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. या प्रश्नांना जो वैतागेल त्याच्याबरोबर मुलीला पाठवू नका.

वेंगुर्ल्याहून एक शिक्षिका: पाच वर्षांपूर्वी घेतलेले ट्रेकिंगचे बूट एकदाच वापरून माळ्यावर ठेवलेत. नव्यासारखे दिसतात. तेच न्यावेत ना?

आधी उतरवून तपासा. पुष्कळ बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो आतल्या आत कुजतो, बूट वापरात नसला तरी. आपल्या चार पावसाळ्यांची ओल त्याला पुरेशी. वरून चामडं चकचकीत, आत भुसा. माझ्या बुटाचा तळवा एकदा चालीच्या दुसऱ्या दिवशी, ओढ्याच्या गोट्यांवर जिभेसारखा लोंबायला लागला. तंबूची दोरी पायाखालून गुंडाळून, दर अर्ध्या तासाला गाठ आवळत मी तीन दिवस काढले. दोरी बर्फावर घसरायची, म्हणून उतारावर सोबतच्या वाटाड्याने माझा हात सोडला नाही.

तळवा आणि वरचा भाग जोडला जातो तिथे अंगठ्याने जोरात दाबा. खळगा तसाच राहिला, चिरा दिसल्या किंवा भुगा पडला तर बूट टाकून द्या. शाबूत वाटले तरी दोन आठवडे रोज घालून हिंडा आणि एकदा पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चाला. जे काही सुटायचं ते वेंगुर्ल्यातच सुटू दे. नवे घेणार असाल तर संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, जाड मोजे घालून मापा. परत आल्यावर बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. सावलीत वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला ते बदला.