चौकातून घोळका कसा वळवायचा: क्रिटेरियमच्या ट्रॅकबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्रिटेरियम शर्यतीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, गावातले एक-दीड किलोमीटरचे रस्ते बंद करायचे आणि त्यावर सायकलची गोल गोल शर्यत लावायची, २०-३० लॅप, तासाभरात निकाल, मधेच एखाद्या लॅपला घंटा वाजली की पुढच्या वेळी रेषेवर पहिला येईल त्याला वेगळं बक्षीस. यूसीआय म्हणजे सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमात चक्कर ८०० मीटरपासून १० किलोमीटरपर्यंत चालते, पण लोकांना बघायला आणि पोरांना पळवायला खरी मजा येते ती १ ते दीड किलोमीटरमधेच, दर दोन मिनिटांनी घोळका समोरून जातो ना.

ताई, नमस्कार. आमच्या क्लबला एमआयडीसीत १.२ किमीचा चौकोन मिळतोय. चार काटकोनी वळणं आहेत, रस्ता ७ मीटर रुंद, फक्त मागच्या बाजूला ५ मीटरच आहे. ६० जण एकदम सोडले तर चालेल का? वळणं जास्त धोक्याची वाटतात, ती कमी करावीत का? (नाशिक)

वळणं चारच आहेत ती राहू द्या. अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्स गावात १९८० पासून रात्रीची क्रिटेरियम होते, गावाच्या मधोमध, साधारण एक किलोमीटरचा चौकोन आणि चार कोपरे, बस एवढंच, आणि ती बघायला माणसांची झुंबड असते. तुमचा प्रश्न वळणांचा नाहीये, त्या ५ मीटरचा आहे.

थोडं गणित करू. ७ मीटर रुंद रस्त्यावर काटकोनात वळताना एकटा रायडर बाहेरच्या कडेने आत शिरतो, आतल्या कोपऱ्याला चिकटतो आणि परत बाहेरच्या कडेला जातो, अशी लाइन घेतली की त्याला जवळपास २४ मीटर त्रिज्येचं वळण मिळतं आणि कोरड्या चांगल्या डांबरावर तो ताशी ४० किलोमीटरच्या वर वेग ठेवून निघून जातो. आता त्याच्या शेजारी अजून एक जण आहे असं धरा. प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा रस्ता, म्हणजे त्रिज्या १२ मीटर, आणि वेग ३० च्या आसपास. तोच कोपरा, तेच डांबर, फरक फक्त जागेचा. म्हणून पुढचे पाच जण ४० ने वळतात आणि मागचे चाळीस जण ब्रेक दाबून बसतात, मग वळण संपलं की पुढच्यांना गाठायला उठून जोर मारतात. चार वळणं गुणिले २५ लॅप म्हणजे शंभर वेळा हा असा धक्का, शेपटाला असणाऱ्या पोराचे पाय दहाव्या लॅपला संपतात आणि मग दमलेल्या माणसाच्या हातून हँडल हलतं. पडापडी बऱ्याचदा तिथून सुरू होते.

आता यात वळण संपता संपता रस्ता ७ चा ५ झाला तर काय होईल बघा, सगळ्यांना बाहेरच्या कडेला सुटायचंय आणि बाहेरची कडच तिथे नाही. मी आजवर जे वाईट अपघात जवळून बघितलेत त्यातले बहुतेक अशाच जागी झालेत, वळणात नाही, वळणातून बाहेर पडताना. दिशा उलटी करून उपयोग नाही कारण दोन्हीकडून त्या बाजूला वळूनच शिरावं लागतं.

उपाय आहे. रस्ता अरुंद करायचाच असेल तर तो सरळ भागात करा. त्या वळणाच्या दीडशे मीटर आधीपासून उंच ट्रॅफिक कोन लावून ७ चा रस्ता हळूहळू निमुळता करत ५ वर आणा, आणि वळण पूर्ण होईपर्यंत ५ च ठेवा. घोळका सरळ रस्त्यावरच लांबट होतो, एकामागे एक येतात, मग वळणात कोणाला कोणाच्या शेजारी घुसायला जागाच उरत नाही. एकट्याने ५ मीटरमधेही ३५ ने वळता येतं. फिनिश लाइन या बाजूपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. आणि ६० नको, माझं ऐका, ३५-४० च्या दोन शर्यती करा, नवखे वेगळे, मुरलेले वेगळे. हे सगळं करून समोरची बाजू मोकळी राहत असेल तर तुमचा ट्रॅक छान आहे, लावा.

घड्याळाच्या दिशेने फिरवायचं की उलट? कोणी म्हणतं वेलोड्रोमसारखं (सायकलच्या बांधीव गोल ट्रॅकसारखं) डावीकडेच वळवा, कोणी म्हणतं काही फरक पडत नाही. (कोल्हापूर)

वेलोड्रोममधे डावीकडे वळतात हे खरंय, पण रस्त्यावर डावं-उजवं ठरवायचं ते रस्त्याचा ढाळ बघून. पावसाचं पाणी निघावं म्हणून कुठलाच रस्ता सपाट नसतो. मधे डिव्हायडर असलेल्या रस्त्याची आपली बाजू डिव्हायडरकडून फूटपाथकडे उतरती असते, म्हणजे डावीकडे उतरती. त्यावर डावीकडे वळलं की वळणाची आतली बाजू खाली आणि बाहेरची वर, रस्ताच सायकलला धरून ठेवतो. त्याच बाजूला उजवीकडे वळवलंत की ढाळ उलटा, चाक बाहेर सरकायला बघतं. त्यामुळे डिव्हायडरवाला रस्ता असेल आणि डावी बाजूच वापरणार असाल तर डावीकडची चक्कर घ्या.

डिव्हायडर नसेल तर रस्ता मधे फुगीर आणि दोन्ही कडांना उतरता असतो, तिथे दोन्ही दिशांना सारखंच, वळणाच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत ढाळ मदत करतो आणि बाहेर पडताना मधला उंचवटा ओलांडला की उलटा होतो. ही जागा लक्षात ठेवा, चाकं इथे सुटतात. अशा रस्त्यावर दिशा चढ-उतारावरून ठरवा, उतारावरून येऊन काटकोनात वळायला लागू नये, त्यापेक्षा वळण झाल्यावर थोडा चढ लागला तर उत्तम, वेग आपोआप आवरतो.

रस्ता चांगला आहे पण एक स्पीडब्रेकर आणि पाच-सहा चेंबरची झाकणं आहेत. स्पीडब्रेकरवर रंग मारून चालेल ना? (सोलापूर)

नाही चालणार. आपल्याकडे रस्त्यांच्या मानकांत गोल स्पीडब्रेकर सांगितलाय तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, तोसुद्धा २५ च्या वेगाने ओलांडायचा म्हणून. गल्लीतले तर याहून किती आखूड आणि टोकदार असतात ते तुम्हाला माहितीच आहे. घोळक्यात मागच्याला पुढच्या चाकाशिवाय काही दिसत नाही, त्याचा हात हँडलवर नीट नसेल तेव्हाच नेमका दणका बसतो. महापालिकेला विनंती करून काढता आला तर काढा, शर्यतीनंतर परत करून द्या. नाहीतर तो रस्ताच सोडा. अगदीच इलाज नसेल तर निदान तो सरळ भागाच्या मधे असावा, वळणाच्या किंवा फिनिशच्या जवळ तर अजिबात नको. बोल्ट मारलेल्या रबरी पट्ट्या असतील तर त्या सुटतात, शर्यतीपुरत्या काढून घेता येतात.

चेंबरची झाकणं सरळ रस्त्यात चालतील, रंगाने गोल करा आणि प्रत्येक रायडरला सुरुवातीच्या सूचनांमधे सांगा. वळणाच्या लाइनवर एक जरी असेल तरी मात्र विचार करा. लोखंडावर आणि झेब्राच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर पाणी पडलं की टायरला काही धरायला राहत नाही. माझ्या ओळखीचा एक खूप चांगला रायडर अशाच ओल्या पट्टीवर गेला, पाऊस नव्हता हो, कोणीतरी सकाळी दुकानासमोर पाणी मारलं होतं. खांद्याचं हाड मोडलं आणि तो सीझन गेला. त्या दिवसापासून मी शर्यतीच्या सकाळी वळणावरच्या प्रत्येक दुकानदाराला स्वतः जाऊन सांगते, दादा आज सडा नको, निदान अकरापर्यंत.

अजून दोन गोष्टी, ज्या नकाशात दिसत नाहीत. एक, गणपती-नवरात्रानंतर मंडपाच्या बांबूंचे खड्डे, ते बरोबर रस्त्याच्या कडेला म्हणजे नेमके लाइनवर असतात, सिमेंटने भरून घ्या. दुसरं, वळणाच्या बाहेरच्या कडेला साचणारी बारीक खडी. गाड्यांची चाकं ती बाहेर फेकतात म्हणून मधला रस्ता स्वच्छ दिसतो आणि कड भरलेली असते. आदल्या रात्री झाडायचं आणि पहाटे परत झाडायचं. ट्रॅक पायी चालून बघा, एकदा दिवसा, एकदा शर्यत ज्या वेळी आहे त्या वेळी, आणि मग सायकलवर जोरात. गाडीतून बघितलेला ट्रॅक बघितलाच नाही असं समजा.

आमच्याकडे गोल फिरवायला रस्ताच नाही. डिव्हायडरचा सरळ ७०० मीटर रस्ता आहे, दोन्ही टोकांना यू-टर्न देऊन शर्यत घेऊ का? (मडगाव, गोवा)

घेता येते, पण यू-टर्नला ७ मीटरची त्रिज्या मिळाली तर वेग २३ च्या आसपास येतो. म्हणजे दर लॅपला दोनदा ४० वरून २३ आणि परत ४०. हा खेळ वेगळाच होतो, ताकदवान एकटा पळून जातो आणि घोळका फुटतो. वाईट नाही, फक्त ३० च्या वर माणसं घेऊ नका. डिव्हायडरच्या गॅपमधून वळवू नका, टोकाचा चौक पूर्ण वापरा, कोन डिव्हायडरच्या टोकापासून चांगले ५-६ मीटर पुढे नेऊन गोल मोठा करा. डिव्हायडरच्या नाकाला गवताचे भारे नाहीतर गाद्या बांधा. आणि लोक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला डिव्हायडरवर चढतात, तिथे दोन्ही दिशांनी घोळका येत असतो हे त्यांच्या लक्षात येत नाही, त्यामुळे या ट्रॅकला मार्शल, म्हणजे कडेला उभं राहून लोकांना आवरणारी आपली माणसं, नेहमीपेक्षा जास्त लागतील.

फिनिश लाइन कुठे टाकावी? आमचे प्रायोजक म्हणतात चौकातच, वळणाला लागून, तिथे गर्दी असते. (पुणे)

प्रायोजकांना चहाला बोलवा आणि हे समजावून सांगा. शेवटच्या वळणापासून रेषा ८० मीटरवर असेल तर वळणातून जो पहिला निघेल तो जिंकणार हे सगळ्यांना आधीच कळतं, मग शर्यत रेषेवर न होता वळणात होते, वीस जण एकाच कोपऱ्यात घुसतात. २०० ते ३०० मीटर सरळ मिळाले की मागून येणाऱ्यालाही आशा असते, तो वळणात जीव धोक्यात घालत नाही. मला विचाराल तर ट्रॅकमधली सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट हीच, रेषा आधी टाका आणि मग बाकीचा चौकोन तिच्याभोवती बसवा. फार लांब, ६००-७०० मीटर, पण नको, सगळे रस्ताभर पसरून एकमेकांना कोपर मारत येतात.

रेषेनंतरचं लोक विसरतात. स्प्रिंटमधे ६० चा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. मान खाली घालून आलेला माणूस रेषेपलीकडे शंभर मीटर तरी थांबू शकत नाही आणि त्याच्यामागे अजून तीस जण आहेत. रोड रेसच्या आंतरराष्ट्रीय नियमात रेषेआधी ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर बॅरिकेड सांगितलेत ते उगाच नाही. फोटोवाले, घरचे, पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणारे सगळे त्या शंभर मीटरच्या पलीकडे. बॅरिकेडचे पाय रस्त्याकडे बाहेर आलेले नसावेत, त्यात पेडल अडकतं, सपाट पायांचे मागून घ्या.

पंक्चर झालं तर शर्यत संपली का? (सांगली)

नाही. क्रिटेरियममधे पंक्चर किंवा पडल्यावर एक लॅप माफ असते, ट्रॅक अगदी छोटा असेल तर दोन. चाक बदलायचं आणि घोळका परत आला की ज्या गटात होता त्याच गटाच्या शेपटाला सामील व्हायचं. यासाठी पिट, म्हणजे चाक बदलायची जागा, फिनिशच्या अलीकडे-पलीकडे नको, जिथे वेग कमी असतो तिथे, शक्यतो वळणानंतरच्या चढावर, म्हणजे परत सोडताना माणूस वेगात मिसळू शकतो. शेवटच्या काही लॅपना ही सवलत बंद होते, ते किती लॅप ते आधी जाहीर करा, नंतर भांडणं होतात.

सोसायटीवाले विरोध करतायत, म्हणतात आम्हाला कोंडून ठेवणार तुम्ही. काय उत्तर द्यावं? (ठाणे)

ते बरोबर बोलतायत. सरळ रस्ता बंद केला तर माणूस वळसा घालून जातो, गोल बंद केला तर आतली माणसं खरोखर कोंडली जातात. त्यामुळे ट्रॅक आखायच्या आधी आत काय काय आहे त्याची यादी करा, दवाखाना, डायलिसिसचं सेंटर, लग्नाचं कार्यालय, शाळेत कुठली परीक्षा. आत हॉस्पिटल असेल तर तो चौकोन विसरा, दुसरा बघा. एमआयडीसी यासाठीच बरी पडते, आत राहणारं फारसं कोणी नसतं, फक्त साप्ताहिक सुट्टीचा वार प्रत्येक भागात वेगळा असतो तो विचारून घ्या. सोसायट्या असतील तर एकच जागा ठरवा, वळणापासून लांब, येणारा घोळका स्पष्ट दिसेल अशी, तिथे दोन अनुभवी मार्शल शिट्ट्या घेऊन उभे करा आणि पायी माणसांना दोन लॅपच्या मधे सोडा. गाड्यांना दोन शर्यतींच्या मधे दहा मिनिटं गेट उघडायचं, वेळ आधीच छापून प्रत्येक बिल्डिंगच्या बोर्डवर लावायची. अँब्युलन्स मात्र कधीही, तेव्हा लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवायची, हे सुरुवातीलाच रायडरना सांगून ठेवा. आणि ज्या काकांनी सगळ्यात मोठ्याने विरोध केलाय त्यांनाच लॅपची घंटा वाजवायला बोलवा, मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा पुढच्या वर्षी त्यांनीच फोन करून विचारलं की तारीख कधीची आहे.