लेकीचं बीजगणित कच्चं नाही, ताई

खानापूर तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली, आता बेळगावात सेकंड पीयूला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे. फर्स्ट पीयूला गणितात ७८ गुण होते, पण इंजिनिअरिंग प्रवेशासाठी जी सीईटी असते, तिच्या क्लासमधल्या सराव परीक्षेत ६० पैकी २२ आले आणि २१ प्रश्न कोरे राहिले. आई विचारतात, "हिला बीजगणित झेपत नाही का? अजून वेळ आहे तोवर कॉमर्सला घालू का?" सोबत मुलीच्या कच्च्या कामाच्या कागदाचा फोटो जोडला आहे.

ताई, गुणांपेक्षा मला तो कागद जास्त बोलका वाटला. त्यावर एक गणित आहे : क्ष² − ६क्ष + ४ = ० या समीकरणाची मुळं अल्फा आणि बीटा आहेत, तर त्यांच्या वर्गांची बेरीज किती? तुमच्या लेकीनं सूत्र लिहिलं, मुळं काढली (३ अधिक √५ आणि ३ वजा √५), दोन्हींचे वर्ग केले, बेरीज केली. उत्तर २८. अगदी बरोबर. वजाबाकीचं चिन्हसुद्धा कुठे चुकलेलं नाही. पण त्यात अर्धं पान गेलं. केसीईटीत, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीत, गणिताचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद. या प्रश्नात मुळं विचारलेलीच नव्हती. मुळांची बेरीज ६, गुणाकार ४, हे समीकरणाकडे पाहूनच कळतं. ६ चा वर्ग ३६, त्यातून गुणाकाराची दुप्पट म्हणजे ८ काढले, की झाले २८. ही दोन नाती तिला दहावीपासून येतात. फक्त सूत्र लिहायच्या आधी "मागितलंय काय?" हे पाहायची सवय लागलेली नाही.

यात तिचा दोष नाही. एकेक पायरी दाखव, पायरीला गुण असतात, हे आपणच मुलांना शाळेत सांगत आलो. आणि ती सवय मोडायचीही नाही, कारण कर्नाटकात इंजिनिअरिंगचा रँक काढताना पीयूचे पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गुण निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. म्हणून क्लासमध्ये फिरणाऱ्या 'ट्रिक'च्या वह्या पाठ करून घेण्याच्या मी ठाम विरोधात आहे. तिला रोज एकच गणित दोनदा करू द्या. आधी वहीत बोर्डाच्या पद्धतीनं, मग घड्याळ लावून चार पर्यायांकडे पाहत. दुसऱ्या वेळी काय काय गाळता आलं, ते तिनं स्वतः शोधावं.

पर्यायांचा उपयोग किती होतो, ते याच कागदावर दिसतं. √(क्ष + ७) = क्ष − ५ हे समीकरण तिनं दोन्ही बाजूंचा वर्ग करून सोडवलं, २ आणि ९ अशी दोन उत्तरं आली आणि "दोन्ही" या पर्यायावर खूण केली. २ घालून पाहिलं असतं, तर डावीकडे ३ आणि उजवीकडे वजा ३ आलं असतं. वर्ग केला की खोटं उत्तर आत शिरतं, म्हणून अशा प्रश्नात पर्याय मूळ समीकरणात घालून पाहायचे. त्याखालचा डिटर्मिनंटचा (निश्चयकाचा) प्रश्न याच्या उलट आहे. तिथं क्ष² = ८१ आलं आणि तिनं नुसते ९ लिहून सोडले, वजा ९ राहून गेलं. सेकंड पीयूत समीकरणं अशीच दुसऱ्या धड्यांच्या पोटात लपलेली असतात. डिटर्मिनंट शून्य असो, डेरिव्हेटिव्ह शून्य असो, शेवटी बऱ्याचदा हाताशी उरतं ते दहावीचंच वर्गसमीकरण.

आता ते २१ कोरे प्रश्न. याचं मला खरंच वाईट वाटलं. केसीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडायची नाही. शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच राखायची. देशपातळीवरच्या जेईई मेनला मात्र हे चालत नाही, तिथं चुकीच्या पर्यायाला एक गुण जातो.

भाषेचाही अडसर आहे. "रिअल अँड डिस्टिंक्ट" या शब्दांखाली तिनं दोनदा रेघ मारून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. रिअल म्हणजे वास्तव, डिस्टिंक्ट म्हणजे वेगवेगळी मुळं, म्हणजे विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) शून्यापेक्षा मोठाच हवा, हे तिला मराठीत विचारलं असतं तर क्षणात आलं असतं. ॲट लीस्ट, ॲट मोस्ट, नॉन-झीरो, रिस्पेक्टिव्हली असे तीसेक शब्द एका छोट्या वहीत मराठी अर्थासह लिहून घ्यायला सांगा. खानापूर-बेळगाव बसमध्ये तेवढं वाचून होतं. जेईई मेन मराठीतूनही देता येते, पण केसीईटीला मराठी नाही आणि महाराष्ट्राच्या सीईटीतही गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. त्यामुळे यातून सुटका नाही.

कॉमर्सचं म्हणाल, तर तिला स्वतःला हिशेब, व्यापार आवडत असेल तर जरूर जाऊ द्या. २२ गुणांच्या धसक्यानं नको. आता शाखा बदलायची म्हणजे पुन्हा फर्स्ट पीयूपासून सुरुवात, एक वर्ष हातचं जाईल.

आणखी एक. महाराष्ट्राची सीईटीही तिला द्यायला लावा. तिथं गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात, तिच्यासारख्या सावकाश पण बिनचूक मुलीला ते सोयीचं पडेल. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळी तरतूद आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते बघा, आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर दाखल्यांसाठी किती धावपळ होते, ते मी दरवर्षी पाहते.